गुडघ्याखाली चार बोटं

कापड घरात येऊन तीन आठवडे झाले होते, आणि त्या तीन आठवड्यांत लिओनाच्या घशाखाली घास धड उतरला नव्हता.

कापडाला नाव ठेवायला जागा नव्हती. गर्द निळं, लोकरीचं, अंगठ्याने दाबलं तर उसळून वर येणारं. हॉलिसने स्वतः तागा उलगडून, खिडकीच्या उजेडात वीत न् वीत तपासून, एक गाठ नाही की एक सुटा धागा नाही अशी खात्री करून तीन वार फाडून आणलं होतं. गिरणीतल्या कापड तपासणी खात्याचा मुकादमच तो. मेलेल्या भावाच्या मुलासाठी त्याने गिरणीतलं सगळ्यात उत्तम कापड आणलं, आणि ते आईच्या मांडीवर ठेवताना त्याचा आवाज जरा कापलाही होता. म्हणून तर लिओनाला दिराचा धड राग करता येत नव्हता.

ट्रेफेथनांच्या घरची रीतच तशी होती. मुलगा आठवी झाला की आईच्या किंवा आजीच्या हातची पहिली लांब विजार. ती घालून तो शाळेच्या समारंभाला स्टेजवर जायचा, आणि पुढच्या सोमवारी तीच घालून गिरणीच्या फाटकातून आत जायचा. हॉलिस तसा गेला होता, त्याच्या तीन वर्षं आधी थोरला ॲन्सेल तसाच गेला होता. गिरणीतले मुकादमही तेवढंच बघत. गुडघ्याखाली बक्कल लावलेल्या निकरमधलं पोर कामाला आलं की दारातूनच परत. "आईला म्हणावं लांब घाल, मग ये." ऑर्डवे गावात पोरगा कामाचा झाला की नाही हे लोक त्याच्या पोटऱ्यांकडे बघून ठरवत.

ॲन्सेल सत्तावीस वर्षं रंगखात्यात वाफेत उभा राहिला. लग्नात लिओनाच्या बोटात अंगठी घालतानाही त्याची नखं निळी होती, आणि चार वर्षांपूर्वी छातीत पाणी होऊन तो गेला तेव्हाही निळीच होती. आता त्याचा मुलगा एल्विन चौदा पूर्ण झाला होता. गुरुवारी समारंभ होता आणि त्यानंतरच्या सोमवारी हॉलिस त्याला आपल्या हाताने गिरणीत नेणार होता. रंगखात्यात नाही, चांगल्या जागी, विणाई खात्यात. तसं त्याने बोलूनही ठेवलं होतं.

आणि लिओनाच्या ॲप्रनच्या खिशात एक पत्र होतं. टेकडीपलीकडच्या अकॅडमीच्या हेडमास्तरांचं. सप्टेंबरपासून एल्विनला जागा आहे, चार वर्षं पुरी केली तर पुढे कॉलेजलाही शिफारस करू, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. हे पत्र ती दहा दिवस खिशात घेऊन फिरत होती. सोळा वर्षं ती या घरात सून म्हणून होती आणि सोळा वर्षांत या जेवणाच्या टेबलावर तिने 'मीठ वाढू का?' यापेक्षा मोठं वाक्य म्हटलेलं नव्हतं. आज रविवार. आज बोललो नाही तर मग कधीच नाही, हे तिला कळत होतं.

चर्च सुटल्यावर हॉलिस आणि आयडेला नेहमीप्रमाणे जेवायला आले. आयडेला म्हणजे लिओनाची धाकटी जाऊ. तोंडाची फटकळ, हाताची सढळ, आणि गावातली कुठलीही बातमी तिच्याकडे अर्धा दिवस आधी पोचलेली. तिच्या मागोमाग एल्विन सरपण घेऊन आत आला. गेल्या वर्षीची त्याची कॉर्डरॉयची निकर आता गुडघ्याच्या वर चढू पाहत होती, आणि चालताना मांड्या घासून तिचा फुस्स-फुस्स असा आवाज यायचा.

"आला बघा आमचा सायकलचा पंप," आयडेला म्हणाली. "देवळात प्रार्थनेला सगळे गप्प, आणि हा मधल्या वाटेने फुस्स, फुस्स! पाद्रीबाबांनी दोनदा मान वर केली."

"चारच दिवस राहिलेत," हॉलिस हसत म्हणाला. "गुरुवारपासून पंप बंद."

एल्विन नुसताच हसला. पाच फूट आठ इंच झाला होता आणि बापासारखाच बोलायला कंजूष. लिओनाला वाटलं, पोराच्या मनात काय आहे ते आपणही कधी विचारलं नाही. पत्राची गोष्ट तरी त्याला सांगायला हवी होती. आधी वडीलधाऱ्यांचं ठरू दे, मग सांगू, उगाच आशा लावायला नको, असं करता करता दहा दिवस गेले होते.

कोंबडी झाली, कालच्या मडक्यातले काकवी घातलेले घेवडे झाले, तपकिरी पाव झाला. हॉलिस पोटभर जेवला आणि विणाई खात्याचं वर्णन करत राहिला. कुठला माग हलका चालतो, माग लावून देणाऱ्या जॉबरशी कसं बोलायचं, डबा कुठे ठेवायचा. एल्विन ताटाकडे बघून मान हलवत होता. लिओना खिशातल्या पत्राच्या घडीवरून बोट फिरवत होती आणि प्रत्येक घासाला ठरवत होती, हा घास संपला की बोलते.

"बास झालं," सासूबाई म्हणाल्या. "एल्विन, माझ्या खोलीतलं पुडकं घे आणि घालून ये."

लिओनाने खिशातून हात काढला.

सासूबाई अल्मायरा ट्रेफेथन अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. ऑर्डवेतच काय, आसपासच्या तीन गावांत ज्या पुरुषाच्या डोक्याचे केस पांढरे झालेत त्याची पहिली विजार बहुधा यांच्या हातची. लग्नाआधीपासून त्या घरोघरी शिवायला जात. वसंतात एकदा, शरदात एकदा. प्रत्येक घरी आठवडाभर मुक्काम ठोकायचा, त्यांचंच जेवायचं, आणि निघताना घरातलं प्रत्येक पोर पुढच्या फेरीपर्यंत झाकून निघायचं. कागदाचा नमुना त्यांनी आयुष्यात वापरला नाही. पोराला स्टुलावर उभं करायचं, भोवती एक फेरी मारायची, खडूने कापडावर रेघ ओढायची आणि कात्री चालवायची. पाच वर्षांपर्यंत मुलगा असो मुलगी असो, फ्रॉकच. मग मुलाची पहिली गुडघ्यापर्यंतची चड्डी, सदऱ्याला बटणांनी अडकवलेली, म्हणजे पळताना घसरायला नको. काळे लांब मोजे. मग निकर आली, तीही त्या गिरणीमालकाच्या नातवाची एकदा पाहून शिकल्या. त्यांची विजार थोरल्यानंतर मधल्याला आणि मधल्यानंतर धाकट्याला होई, आणि तरी बसायच्या जागी उसवत नसे. लिओना लग्न होऊन आली तेव्हा तिला सुई धरता येत होती एवढंच. जे काही आलं ते या बाईच्या शेजारी बसून आलं. सासूबाईंनी तिला कधी शाबास म्हटलं नाही, पण उसवायलाही कधी लावलं नाही, आणि त्यातलं कौतुक लिओनाला बरोबर कळायचं.

अलीकडे मात्र उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. सुईत दोरा त्या बोटांनी चाचपून ओवत. हे कापड त्यांनी कुणालाच हात लावू दिलं नव्हतं, लिओनालासुद्धा नाही. खोलीचं दार लावून शिवलं होतं.

दार उघडलं आणि एल्विन बाहेर आला.

अंगात बापाचा कोट होता, लिओनाने कमी करून दिलेला. आणि कोटाखाली, त्या गर्द निळ्या, निवडून आणलेल्या कापडाची, सुरेख शिवलेली निकर होती. गुडघ्याखाली चार बोटांवर पट्टीत आवळलेली, पितळी बक्कल लावलेली. त्याखाली लांब मोजे आणि मग बूट.

आयडेलाच्या हातातला चमचा बशीत पडला.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "आई चुकल्या."

हॉलिस उठून पुतण्याजवळ गेला. त्याने वाकून काठ उलटा केला, आत किती कापड दुमडलंय ते पाहिलं, सोडला. दुमड खाली सोडूनही विजार घोट्यापर्यंत यायची नव्हती. कापलेलं कापड पुन्हा जोडता येत नाही हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"असू दे, आई," तो म्हणाला, आणि किती जपून म्हणाला ते ऐकून लिओनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "असू दे. हात सवयीने गेला असेल. सगळा जन्म पोरांच्या निकरी शिवल्यास, एखादे वेळी होतं. वय झालं आता. आयडेला मंगळवारी शहरात जाऊन तयार विजार आणेल. गुरुवारला वेळ आहे अजून."

सासूबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. लिओनाला एकदम भडभडून आलं. या हातांची चूक होऊ शकते हेच तिला खरं वाटत नव्हतं, आणि ती चूक सगळ्यांसमोर अशी पाहुण्यासारखी मध्यभागी उभी राहावी याची तिलाच लाज वाटली. पत्र विसरून ती उठली. "मी करते काहीतरी, आई. उरलेल्या कापडाचं काही..."

"मला तयार विजार नको," एल्विन म्हणाला.

"का रे?" हॉलिस म्हणाला. "आजीला वाईट वाटेल म्हणून? शहाणा आहेस. पण बाळा, सोमवारी तुला निकरमध्ये फाटकातून आत घेणार नाहीत."

"माहीत आहे मला," एल्विन म्हणाला.

एवढंच म्हणाला. लिओनाच्या आधी आयडेलाच्या ध्यानात आलं. ती हातरुमाल तोंडाशी नेऊन खुर्चीत मागे टेकली.

"आई चुकलेल्या नाहीत," ती म्हणाली.

"मी अजून चुकीचं कापलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "बस खाली, हॉलिस. मी तुला स्टुलावर उभं केलं होतं तेव्हा काय विचारलं होतं, आठवतं?"

हॉलिस बसला नाही. "कुठवर, असं विचारलंस."

"प्रत्येकाला विचारते. ज्याचे पाय त्याने सांगायचं. तू काय म्हणालास?"

"बुटापर्यंत."

"म्हणालास? कोकललास! पलीकडच्या घरातली म्हातारी खिडकीत आली होती. या पोरालाही तेच विचारलं. हातात खडू घेऊन. म्हटलं, कुठवर? तर याने वाकून गुडघ्याखाली चार बोटं ठेवली. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तिथेच. मग मी तिथे रेघ मारली. गिऱ्हाईक दाखवील तिथे खडू. साठ वर्षं तसंच केलंय."

हॉलिस पुतण्याकडे वळला. "म्हणजे तू मुद्दाम?"

"रीत अशी आहे ना काका, की लांब विजार घातली की गिरणी?" एल्विनचा आवाज फुटत होता, पण तो थांबला नाही. "मग मी घालणारच नाही."

"आणि गुरुवारी? वर्गात पहिला आलास, सगळ्यांसमोर निबंध वाचायचाय तुला. बाकीची सगळी पोरं लांब विजारीत. हसतील."

"हसू देत."

"किती दिवस? चार वर्षं निकर घालून फिरणार आहेस? अठराव्या वर्षी? दाढी आली तरी?"

"अकॅडमी संपेपर्यंत," एल्विन म्हणाला. "तुम्ही आत्ता म्हणालात की गिरणीत नाही नेत, तर उद्या लांब घालतो."

लिओनाने झटकन मुलाकडे पाहिलं. अकॅडमीचं याला कुणी सांगितलं? मग आठवलं, ॲप्रन रोज रात्री स्वयंपाकघराच्या खुंटीला असतो. पोराने पत्र वाचलं होतं, पुन्हा घडी करून ठेवलं होतं, आणि आई कधी बोलते याची वाट बघून शेवटी आपलं आपण काय करता येईल ते केलं होतं. अख्ख्या गावाचं हसू अंगावर घ्यायला तयार होऊन. एकीकडे अभिमानाने तिची छाती भरून आली आणि एकीकडे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हॉलिस तिच्याकडे वळला. "वहिनी, हे तुम्ही शिकवलंत?"

नाही म्हणणं सोपं होतं, खरंही होतं. लिओनाने खिशातून पत्र काढलं आणि त्याच्या बशीशेजारी ठेवलं.

"निकरीचं मला ठाऊक नव्हतं, भावजी. पण हे माझं आहे. त्याला अकॅडमीत जागा मिळालीय. मला तो गिरणीत जायला नकोय." आणि एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता आलं नाही. "तुम्ही चांगल्या मनाने करताय हे मला कळतं. एवढं सुरेख कापड दुसरं कुणी आणलं नसतं. पण नको. विणाई खातं नको, कुठलंच खातं नको."

हॉलिसने पत्र वाचलं. वाचताना त्याचा चेहरा लाल होत गेला.

"म्हणजे गिरणी वाईट," तो म्हणाला. "मी चौदाव्या वर्षी गेलो, माझं काय वाईट झालं? या गावात माझं नाव आहे. कापडावर माझा शिक्का बसल्याशिवाय वार बाहेर जात नाही. मला मुलगा नाही. वाटलं होतं, घरातला एक तरी माझ्यामागे त्या खात्यात उभा राहील. त्याची एवढी लाज वाटते याला? पुरुषाच्या जातीचं पोर, आणि बाळासारखं गुडघे दाखवत फिरीन म्हणतंय!"

"लिओना," सासूबाई म्हणाल्या, "माझ्या पेटीतला तळाचा डबा आण."

लिओनाला तो डबा माहीत होता, पण त्यात काय आहे ते तिने कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी बशा बाजूला सारल्या आणि कापराच्या वासाचे दोन कपडे टेबलावर पसरले. एक होती गुडघ्यापर्यंतची तंग विजार, जाड राखी कापडाची, मोठ्या माणसाच्या कमरेची. दुसरी इवलीशी, तागाची, पाच-सहा वर्षांच्या पोराची. पण पायघोळ, थेट घोट्यापर्यंत.

"सांग बघू," त्या हॉलिसला म्हणाल्या. "तू कापडातला जाणकार. बाळाची कुठली आणि बाप्याची कुठली?"

हॉलिसने राखी कापड चिमटीत धरून पाहिलं.

"ही तंग गुडघी माझ्या आजोबांची. चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले, मी आठ वर्षांची होते. मरेपर्यंत त्यांनी दुसरं काही घातलं नाही. गावचा न्यायनिवाडा करायला हीच घालून बसायचे. आणि ही लांब, ही त्यांच्या मुलाची, माझ्या वडिलांची, लहानपणची. तेव्हा लांब विजार म्हणजे पोरांची आणि खलाशांची. सभ्य माणूस गुडघ्याला बक्कल लावायचा. माझे वडील मोठे झाले आणि तशीच लांब घालत राहिले, तर आजोबा सगळ्यांसमोर म्हणायचे, 'हा कधी मोठा व्हायचा कुणास ठाऊक, अजून बाळाची विजार घालतो.'"

आयडेला फस्सकन हसली. हॉलिसने तिच्याकडे रागाने पाहिलं, तशी ती थांबण्याऐवजी आणखीच सुटली.

"अहो, रागावू नका. पण थॅक्स्टरसाहेब साठीला टेकले ना? गिरणीचे मॅनेजर! दर शनिवारी गोल्फला जातात ते काय घालून जातात? पिवळ्या चौकड्यांची निकर! खाली झुपके लावलेले मोजे! आणि तुम्ही रस्त्यात टोपी काढून 'गुड मॉर्निंग सर' म्हणता. तेव्हा नाही दिसत गुडघे?"

"आयडेला!"

"आणि ती बघा," तिने कपाटावरच्या फोटोकडे बोट केलं. फोटोत चार वर्षांचा हॉलिस कुरळ्या बटा आणि झालरीचा फ्रॉक घालून गंभीरपणे उभा होता. "ती बाई पुढे मुकादम झाली. माझं ऐकाल तर पोराला शिकू द्या. तुमचं नाव चालवायला गिरणीत दुसरी पुष्कळ पोरं येतील."

बायकोच उलटल्यावर माणसाने काय करावं? हॉलिस खुर्चीत बसला. तो रागावलेला होता, पण त्याहून जास्त तो दुखावला होता, आणि लिओनाला ते बघवेना. हा माणूस ॲन्सेलच्या आजारपणात रोज पहाटे गिरणीत जाण्याआधी येऊन भावाची कूस बदलून देत होता, ते ती विसरली नव्हती.

"आई," तो म्हणाला, "ॲन्सेलला पण विचारलं होतंस? कुठवर?"

सासूबाईंनी राखी विजारीची घडी घालायला घेतली होती. ती अर्धीच राहिली.

"विचारलं होतं. तो बोललाच नाही. स्टुलावर उभा राहून खाली माझ्याकडे बघत राहिला. त्याला नकाशे काढायचे असायचे, तुला आठवतं ना? मास्तरही म्हणाले होते, याला पुढे पाठवा. मी खडू घेऊन गुडघ्यावर बसले होते. तेवढ्यात तुमचे बाबा खुर्चीतून म्हणाले, 'बुटापर्यंत, दुसरं काय?' आणि मी रेघ मारली." त्यांनी डोळ्याला पदर लावावा तसा ॲप्रनचा काठ लावला. "या पोराला दोनदा विचारलं ना, ते त्याच्यासाठी. त्याला मी एकदाच विचारलं, आणि उत्तर दुसऱ्याचंच घेतलं. सत्तावीस वर्षं रोज संध्याकाळी त्याची नखं बघत होते मी."

एवढी वर्षं एकाच छताखाली राहून लिओनाने सासूबाईंना ॲन्सेलबद्दल असं बोलताना ऐकलं नव्हतं. ॲन्सेलच्या उशाशी शेवटपर्यंत शाळेतलं एक फाटकं भूगोलाचं पुस्तक होतं. तिने ते त्याच्याबरोबर शवपेटीत ठेवलं होतं, कुणाला न सांगता. ती उठून सासूबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. असं करायला तिला सोळा वर्षं लागली होती.

हॉलिस टेबलाच्या पायाकडे बघत होता.

"पहिल्या दिवशी," तो म्हणाला, "मागांचा आवाज ऐकून मी संडासात जाऊन रडलो होतो. नवी विजार घालून. आदल्या रात्री ती घालूनच झोपलो होतो मी, एवढी हौस. ॲन्सेल रंगखात्यातून मला शोधत आला. निळे हात. कचऱ्यातली लोकर काढून माझ्या कानात घातली. म्हणाला, दोन आठवड्यांत सवय होते. आणि झाली. मला गिरणी आवडायला लागली." त्याने पत्राची घडी घातली. "त्याला झाली होती की नाही, मी कधी विचारलं नाही."

एल्विन अजून खोलीच्या मध्यभागी उभा होता. आता तो जरा वाकला होता, आपण केलं ते फार झालं की काय असं वाटणाऱ्या पोरासारखा.

"कापड किती उरलंय?" हॉलिसने विचारलं.

"दोन वारांच्या वर आहे," सासूबाई म्हणाल्या. "निकरीला कितीसं लागतं? कडेकडेने काढलीय. एक लांब विजार निघते."

"ठाऊकच होतं मला. तू आणि कापड फुकट घालवशील!" हॉलिस उठला. "स्टूल कुठाय?"

स्टूल आयडेलाने आणलं, उरलेलं कापड लिओनाने. एल्विन त्यावर चढला. सासूबाईंनी खडू काढला आणि खुर्चीच्या हाताला धरून उठू लागल्या, पण गुडघे सरळ होईनात. हॉलिसने त्यांना परत खुर्चीत बसवलं, त्यांच्या हातातला खडू घेतला आणि रविवारची विजार घातलेला तो धिप्पाड मुकादम पुतण्यापुढे जमिनीवर गुडघे टेकून बसला.

"कुठवर?"

एल्विनने काकाच्या डोळ्यांत पाहिलं. मग वाकून त्याने गुडघ्याखाली चार बोटं ठेवली. तिथेच, बक्कलच्या वर.

"वा रे वा," आयडेला पुटपुटली. "अस्सल ट्रेफेथन."

हॉलिस हसला नाही. पण त्याला रागही आलेला नव्हता. "बरोबर आहे," तो म्हणाला. "मी अजून बोललोच नाही. ऐक. उद्या सकाळी मी विणाई खात्यात जाऊन सांगतो, आमचा मुलगा येत नाही. तो अकॅडमीत जातोय. कुणी काही म्हटलं तर मी बघून घेईन." त्याने खडू पुन्हा वर धरला. "आता दुसऱ्यांदा विचारतोय. कुठवर?"

एल्विन सरळ उभा राहिला. त्याने नुसता पाय पुढे केला आणि बुटाकडे बोट दाखवलं. लिओनाने सासूबाईंचा खांदा घट्ट धरला. त्या खांद्याची हाडं किती बारीक झाली होती, ते तिला आत्ता कळलं.

कापड कमरेपासून खाली सोडून हॉलिसने बुटापाशी त्यावर रेघ मारली. सरळ, एका दमात ओढलेली, आईकडूनच आलेली. मग मागे सरून डोळे बारीक करून त्याने कापडाकडे पाहिलं, गिरणीत खिडकीपाशी बघायचा तसं.

"आई, आत दोन बोटं जास्त दुमडून ठेव. पोरगा अजून वाढणार आहे. चार वर्षं जायला हवी ही."

"चार ठेवते," सासूबाई म्हणाल्या, आणि कात्रीसाठी हात पुढे केला.